विचाराचें चाक आणि घाटाची वाट

अलीकडे मराठी व्याख्यानांतून आणि संस्थांच्या बैठकींतून एक इंग्रजी वाक्प्रचार वरचेवर कानीं पडूं लागला आहे. 'व्हेअर द रबर मीट्स द रोड' हा तो वाक्प्रचार होय. कोणी तो जसाच्या तसा उच्चारतात. कोणी 'जेथें रबर रस्त्याला भेटतें तेथेंच खरी परीक्षा' असें त्याचें मराठी करून श्रोत्यांपुढें ठेवितात. श्रोते माना डोलवितात. परंतु हें रबर कोणतें, तें रस्त्याला कशासाठीं भेटतें आणि त्या भेटींत परीक्षा कोणाची होते, हें त्यांपैकीं कितीकांस उमगलें असेल याची आम्हांस शंका आहे.

परक्या भाषेंतून वाक्प्रचार घेणें हा अपराध नव्हे. ज्या भाषेचा जगाशीं व्यवहार चालू आहे, तिच्या घरीं असे पाहुणे यावयाचेच. मात्र पाहुण्याला ओसरीवरच बसवावयाचें कीं माजघरांत न्यावयाचें, हें त्याची नीट विचारपूस करूनच ठरवावें. तशी विचारपूस आम्ही आज या वाक्प्रचाराची करणार आहों. आणि ती पुण्याच्या पश्चिमेस मावळांत, लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर उभें राहून करणार आहों. चाक आणि वाट यांची गांठ पडली म्हणजे काय होतें, हें इतक्या स्पष्टपणें दाखविणारी दुसरी जागा महाराष्ट्रांत आमच्या पाहण्यांत नाहीं.

प्रथम अर्थ पाहूं. येथें रबर म्हणजे मोटारीच्या चाकावरील टायर. मोटारीचें यंत्र कितीही बलवान् असो आणि तिचा चालक कितीही कुशल असो, ती सारी शक्ति अखेर रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या रबरांतूनच कामास येते. तेथें पकड मिळाली तर गाडी पुढें सरकते. न मिळाली तर यंत्र गर्जत राहतें आणि चाक जागच्या जागीं गरगरतें. कल्पनांचेंही असेंच आहे, असें या वाक्प्रचाराचें सांगणें. योजना कागदावर कितीही सुंदर असली, तरी ती प्रत्यक्ष व्यवहाराला जेथें स्पर्श करते त्याच बिंदूवर तिचें खरेंखोटें ठरतें. ज्या अमेरिकेंत मोटार घरोघरीं पोंचली, तेथें विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हा वाक्प्रचार रुळला. आणि पुढें टायर करणाऱ्या एका कंपनीनें तो आपल्या जाहिरातींत घेतल्यामुळें तो सर्वतोमुखी झाला. त्याचें मूळ असें रस्त्यावरचें आहे, ग्रंथांतलें नाहीं. आणि ही गोष्ट आम्ही त्याच्या बाजूचीच समजतों.

आतां घरचें भांडार उघडून पाहूं. बोलणें आणि करणें यांतील अंतराविषयीं मराठी भाषा मुकी नाहीं. किंबहुना या विषयावर ती अंमळ अधिकच बोलकी आहे. जो बोलतो पण करीत नाहीं त्याला आपण बोलघेवडा म्हणतों. जो नुसते बेत रचीत बसतो तो मनांतले मांडे खातो. दुरून डोंगर साजरे, असें म्हणून आपण अननुभवी माणसाला सावध करितों. आणि बढाईखोराला 'घोडामैदान जवळच आहे' एवढें सांगितलें कीं पुरें होतें. मावळच्या शेजारीं देहूस राहणारे तुकोबा काय किंवा समर्थ रामदास काय, कृतीवांचून बोलणाऱ्याची त्यांनीं कशी संभावना केली आहे हें मराठी वाचकास सांगावयास नको. मग इतकें घरांत असतां शेजाऱ्याच्या दारीं जावयाचें प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

प्रयोजन आहे, असें आमचें मत आहे. वरील सर्व वाक्प्रचार एकत्र ठेवून पाहिले तर एक गोष्ट ध्यानांत येते. त्या सर्वांत पारड्यांत घातला जातो तो माणूस. तो खोटा आहे, आळशी आहे, भित्रा आहे किंवा बढाईखोर आहे, असा निकाल त्यांतून निघतो. 'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण तर या बाबतींत कळस होय. अंगणाचें नांव जो काढील त्याचें हंसें आधींच ठरलेलें! पण अंगण खरोखरच वांकडें असलें तर? त्या बिचाऱ्यानें तें सांगावें तरी कोणत्या शब्दांत?

इंग्रजी वाक्प्रचार येथें निराळी वाट धरतो. तो माणसावर ठपका ठेवीत नाहीं. पकड मिळाली कीं नाहीं, एवढेंच तो विचारतो. आणि न मिळाली तर टायर झिजला आहे काय, रस्त्यावर चिखल आहे काय, उतार किती आहे, हें वांकून पाहावयास लावतो. आपल्या वाक्प्रचारांत नीतीची दृष्टि आहे, या वाक्प्रचारांत कारागिराची. दोन्ही हव्यात, परंतु दुसरीचा आपल्याकडे तुटवडा आहे, हें कबूल केलें पाहिजे. गांवचें वाचनालय बंद पडलें, सहकारी भांडार बुडालें, मुलींची शाळा चालेनाशी झाली, म्हणजे आपल्या सभांतून पहिला प्रश्न निघतो तो 'दोष कोणाचा?' हा. चिटणिसावर ठराव होतो, अध्यक्ष राजीनामा देतात आणि तीच योजना तशीच नव्या माणसांच्या गळ्यांत घातली जाते. चाक कोठें घसरलें हें कोणी वांकून पाहत नाहीं, म्हणून दुसऱ्या वर्षीं तें तेथेंच पुन्हा घसरतें.

हें वांकून पाहणें म्हणजे काय, याचा उत्तम पाठ बोरघाटानें दिला आहे. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली. ती पुढें पुण्यास न्यावी ही कल्पना नकाशावर फार सोपी. कर्जत आणि खंडाळा यांत तेथें बोटभरही अंतर दिसत नाहीं. परंतु त्या बोटाखालीं सह्याद्रि होता. १८५६ सालीं काम सुरू झालें आणि घाटांतून गाडी जावयास १८६३ साल उजाडलें. सुमारें १६ मैलांच्या त्या वाटेंत १,८३१ फुटांचा चढ चढावयाचा होता, २५ बोगदे खणावयाचे होते, आणि कांहीं ठिकाणीं ३७ फूट चालून १ फूट वर जावें इतकी ती वाट उभी होती. हा चढ एका दमांत चढेना, म्हणून वाटेंत एके ठिकाणीं गाडी थांबवून, एंजिन एका टोकाचें काढून दुसऱ्या टोकास लावावें आणि दिशा उलटी करून पुन्हा चढूं लागावें, अशी युक्ति योजावी लागली. १९२९ सालीं नवा मार्ग होईपर्यंत ती चालू होती. पुढें जाण्यासाठीं उलट फिरावें लागणें यांत त्या अभियंत्यांस कमीपणा वाटला नाहीं.

याहूनही बोधप्रद गोष्ट वाळूची आहे. आगगाडीचें चाक पोलादी आणि रूळही पोलादी. सपाटीवर या दोघांचा गुळगुळीतपणा हा मोठा गुण. थोड्या शक्तीनें प्रचंड ओझें ओढलें जातें तें त्याच्याच बळावर. परंतु घाट लागला आणि पावसानें रूळ भिजले कीं तोच गुण दोष होऊन बसतो. चाक फिरतें, गाडी हलत नाहीं. अशा वेळीं चाकापुढें रुळावर वाळू सोडतात, आणि त्यासाठीं एंजिनांत वाळूच्या पेट्याच ठेवलेल्या असतात. खडबडीतपणा हा गतीचा शत्रु आहे असें आपण समजतों. चढावर तो तिचा आधार ठरतो. सभेंत सहज मंजूर झालेल्या, कोणाच्याही आक्षेपाचा ओरखडा न उमटलेल्या योजना व्यवहारांत कां फसतात, याचें उत्तर बहुधा या वाळूंत सांपडेल.

आजही मुंबईकडून येणाऱ्या पुष्कळ गाड्यांस कर्जतला मागून जादा एंजिनें जोडतात आणि त्यांच्या रेट्यानें त्या लोणावळ्यास येतात. ही जोडणी आम्हीं अनेकदां पाहिली आहे. प्रवासी फलाटावर वडे घेण्यांत गुंतलेले असतात. मागून एक हलकासा धक्का बसतो आणि गाडी घाटाला लागते. पुढच्या एंजिनाला मदत लागली म्हणून त्याला कोणी बोलघेवडें म्हणत नाहीं. चढ किती आहे हें सर्वांस ठाऊक असतें, म्हणून मदतीची तजवीजही आधींच केलेली असते. माणसांच्या कामांत मात्र मदत मागणें म्हणजे हार मानणें, अशी आपली समजूत.

येथवर आम्हीं त्या वाक्प्रचाराची वकिली केली. आतां त्याचीं वैगुण्यें सांगावयास हवींत. आणि तीं दाखविणाराही हाच घाट आहे.

पहिलें वैगुण्य हें कीं, या वाक्प्रचारांत रस्ता आयता आहे. रबर यावें आणि रस्त्याला भेटावें. रस्ता तेथें पसरलेला आहेच! ज्या देशांत गांवोगांव पक्के रस्ते होऊन चुकले, तेथें हें गृहीत धरणें सोपें. मावळांत तसें नव्हतें. १८३० सालीं गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला होण्यापूर्वीं माल जाई तो बैलांच्या पाठीवरून. पुढें आगगाडी आली तीही रस्ता करीतच आली. त्या कामावर एके काळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. त्याच्या कामावर १८५९ सालीं मजुरीच्या प्रश्नावरून मजुरांचा दंगा झाला आणि त्याच वर्षीं त्याच्या हातून काम गेलें. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत येऊन थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुढें चालविलें आणि तिच्या नेमलेल्या माणसांनीं तें तडीस नेलें. या सर्व हकीकतींत चाक आणि रूळ यांची भेट हा शेवटचा अध्याय आहे. खरें कर्तृत्व त्या भेटीची जागा तयार करण्यांत खर्ची पडलें होतें. आपल्या देशांतील बहुतेक कार्यांची स्थिति आजही अशीच आहे. येथें ज्याला चाक चालवावयाचें त्यालाच आधीं खडी फोडावी लागते. आणि खडी फोडण्यांत दहा वर्षें गेलीं म्हणजे लोक विचारतात, 'अहो, तुमची गाडी कोठें आहे?'

या प्रश्नाला मावळांतच एक चांगलें उत्तर मिळालें आहे. घाट चढून पुण्याकडे जातांना तळेगांव दाभाडे लागतें. स्वदेशीच्या काळांत अंताजी दामोदर काळे यांनीं अशी कल्पना काढली कीं, प्रत्येकानें वर्षास एक पैसा द्यावा आणि त्या निधींतून देशी उद्योग उभे करावे. हाच तो पैसा फंड. कल्पना ऐकावयास इतकी हलकी कीं तिला विरोध तरी कोण करणार? परंतु तिचा हिशेब मांडून पाहा. तेव्हांच्या एका रुपयाचे पैसे ६४. म्हणजे एक रुपया जमवावयाचा तर ६४ माणसांपुढें हात पसरावयाचा. आणि एक लाख माणसांनीं पैसा दिला तरी हातीं यावयाचे रुपये १,५६२ आणि आणे ८! कल्पनेचा हलकेपणा संपून चढ सुरू होतो तो येथें. लोकमान्य टिळकांनीं या फंडास पाठबळ दिलें, कार्यकर्त्यांनीं गांवोगांव फिरून पैसे गोळा केले, आणि १९०८ सालीं तळेगांवास काचेचा कारखाना निघाला. त्याच वर्षीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावें लागलें. पण तळेगांवची भट्टी पेटलेलीच राहिली.

भट्टीपुढें व्याख्यान चालत नाहीं. वाळू, सोडा आणि चुना यांचा रस होण्यास सुमारें १,४०० ते १,५०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. ती उणी पडली तर देशाभिमानानें भरून निघत नाहीं. म्हणून फंडाच्या चालकांनीं परदेशीं जाऊन ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांस तेथें आणलें. कल्पना काढणारा एक, ती देशभर नेणारे दुसरे, आणि ती भट्टींत उतरविणारा तिसरा, अशी ही सांखळी झाली. परंतु आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें तें पुढेंच आहे. कारखान्यानें काच केली तशीच काच करणारीं माणसेंही केलीं. तेथें तरुणांस हें काम शिकविण्याची सोय होती, आणि तेथें तयार झालेले कारागीर हिंदुस्थानांतील दुसऱ्या कारखान्यांतून कामास लागले. तळेगांवानें आपलें चाक चालविलें आणि दुसऱ्यांच्या चाकांसाठीं रस्ताही केला. अमेरिकन वाक्प्रचारांत या दुसऱ्या कामाला जागाच नाहीं.

दुसरें वैगुण्य याहून गंभीर आहे. त्या वाक्प्रचारांतील रस्ता मुका आहे. चाकाला पकड मिळाली कीं काम झालें. चाकाखालीं जें आलें त्याचें काय झालें, हें विचारण्याची तेथें सोय नाहीं. बोरघाटांत जुन्या रस्त्यालगत शिंगरोबाचें देऊळ आहे. आख्यायिका अशी कीं, घाटांतून वाट कोठून न्यावी हें इंग्रज अभियंत्यांस कळेना, तेव्हां शिंगरोबा नांवाच्या धनगरानें आपल्या जनावरांच्या पायवाटेवरून ती दाखविली, आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. इतिहासाच्या कसोटीस ही कथा उतरो वा न उतरो. मालमोटारींचे चालक आजही तेथून जातांना देवळापुढें नाणें टाकतात. लोकांनीं या कथेंत आपला निवाडा देऊन ठेवला आहे. ज्यानें वाट दाखविली त्याचें देणें फिटलेलें नाहीं, हा तो निवाडा होय.

आख्यायिका नको असेल तर इतिहास घ्यावा. लोणावळा, वळवण आणि शिरवते येथें तलाव बांधून त्यांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस सोडावें आणि त्यावर वीज करून मुंबईस न्यावी, ही जमशेटजी टाटांनीं मनांत घेतलेली कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनीं, १९१५ सालीं, सिद्धीस गेली. कल्पना कृतींत उतरल्याचें हें उदाहरण कोणीही अभिमानानें सांगावें असेंच आहे. परंतु त्याच यशाच्या जोरावर शेजारच्या मुळशी खोऱ्यांत धरण बांधावयास घेतलें, तेव्हां ज्यांचीं भातखाचरें आणि घरें पाण्याखालीं जाणार होतीं ते मावळे १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रहास उभे राहिले. लढा १९२४ पर्यंत चालला; बापटांस आणि पुष्कळ सत्याग्रह्यांस तुरुंग भोगावा लागला; धरण झालें तें झालेंच. मुंबईच्या गिरण्यांच्या बाजूनें पाहिलें तर येथें चाकाला उत्तम पकड मिळाली. मुळशीच्या शेतकऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर तो स्वतःच रस्ता होता. जी भाषा पहिली गोष्ट सांगते आणि दुसरी सांगूं शकत नाहीं, ती आम्ही जशीच्या तशी कशी उचलावी?

तेव्हां आमचा निर्णय असा. या वाक्प्रचारांतील विचार घ्यावा, त्याची साल घेऊं नये. इंग्रजीवरून मराठींत आलेले 'नक्राश्रु', 'सुवर्णमध्य', 'हवेंत मनोरे बांधणें' हे प्रयोग आज कोणास खटकत नाहींत, कारण मगर, सोनें आणि मनोरा या वस्तु मराठी मनांत पूर्वींपासून होत्याच. 'रबर रस्त्याला भेटतें' या शब्दांपुढें मात्र मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कांहींच उभें राहत नाहीं. रबर म्हणतांच त्याला पाटीपेन्सिलीच्या दप्तरांतील खोडरबर आठवतें! उलट 'आतां गाडी घाटाला लागली' असें म्हणा. मुंबई-पुण्याच्या वाटेवर एकदां प्रवास केलेल्या लहान मुलासही त्यांतील मर्म कळेल. सपाटीवरची ऐट संपली, चढ आला, वेग उतरला, मागून हात लागणार, कदाचित् मध्येंच दिशाही बदलावी लागणार, आणि खालीं दरी आहे तेव्हां सांभाळून, हें सर्व त्या चार शब्दांत येतें. शिवाय घाट म्हटला कीं तो कोणीतरी फोडला असला पाहिजे, ही आठवण त्या शब्दाबरोबर आपोआप येते. हा प्रयोग लोकांच्या तोंडीं आहेच. तो योजनांच्या आणि संस्थांच्या कामास लावावा, एवढीच आमची सूचना.

जातां जातां मावळांतीलच आणखी एका जागेकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. लोणावळ्याजवळ कार्ल्याचें लेणें आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं याच घाटवाटांनीं जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या दानांतून तें कोरलें गेलें, आणि दात्यांचीं नांवें तेथें खांबाखांबावर लिहिलेलीं आहेत. त्या नांवांत एक नांव धेनुकाकट येथील एका सुताराचें आहे: वेणुवासाचा पुत्र सामी. त्यानें दर्शनी द्वाराचें काम केलें, असें तेथें दगडांत लिहून ठेविलें आहे. बोरघाटांत राबलेल्या चाळीस हजारांच्या वांट्याला असा एकही दगड आला नाहीं. विचार जेथें जमिनीला टेकतो तेथें कोणाचे तरी हात असतात. त्या हातांचें नांव घेण्याची रीत आपल्या भूमींत जुनी आहे. नवा वाक्प्रचार घेतांना ती मोडूं नये, इतकेंच आमचें मागणें आहे.